साहेबांचा हिरवा पडदा

आमच्या साहेबांनी पंख्याचं बटण कधी दाबलं नाही. निदान मी त्यांच्या हाताखाली होते त्या चार वर्षांत तरी नाही. बटण त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, भिंतीवर होतं. पण साहेब लॅपटॉप उघडायचे, काळ्या खिडकीत दीड ओळ टाइप करायचे, ती ओळ इंटरनेटवरून कुठे तरी लांब जायची, तिथून फिरून परत जळगावला आमच्या ऑफिसात यायची आणि मग पंखा फिरायला लागायचा. या सगळ्याला पाऊण मिनिट लागायचं. तेवढा वेळ ते छताकडे बघत बसायचे आणि पातं हललं की आमच्याकडे बघायचे, जणू पंख्याचा शोध त्यांनीच लावलाय.

एकदा मे महिन्यात भर दुपारी नेट गेलं. वीज होती बरं का, फक्त नेट नव्हतं. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगू! साहेब डोक्यावर ओला रुमाल टाकून, शर्टाची दोन बटणं उघडी ठेवून घामाघूम बसलेले. मला बघवेना. म्हटलं, "सर, मी दाबू का बटण?"

"मॅडम," रुमालाखालून आवाज आला, "आज बटणाला हात लावाल, उद्या सर्व्हरला लावाल. हात लावतो तो मेकॅनिक. इंजिनियर विनंती पाठवतो."

दोन तास बसले तसेच. मी माझ्या टेबलाशी पंख्याखाली बसून गंमत बघत होते, खोटं कशाला बोलू.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. जळगाव आणि धुळ्यातल्या दवाखान्यांचे, कॉलेजांचे, केळीच्या कोल्ड स्टोरेजचे सर्व्हर सांभाळायचे, एवढंच. सांभाळायचे म्हणजे आमच्याकडे एक मॉनिटरिंग सिस्टिम होती. ती दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरला विचारायची, बाबा रे, चालू आहेस ना? तापला नाहीस ना? डिस्क भरली नाही ना? सगळं ठीक असेल तर त्याचं नाव हिरवं. नसेल तर लाल, आणि आमचे फोन बोंबलायला लागायचे. ही सिस्टिम चालवायला तिचं छान वेबपान होतं. जगातली सगळी माणसं ते उघडून, माऊसने टिकटिक करून काम करतात. ते झालं पुढचं दार. साहेब जायचे मागच्या दाराने. त्याला म्हणतात एपीआय. तिथे पान नाही, चित्र नाही, बटण नाही. आपण एक ओळ पाठवायची, तिकडून एक उत्तर येतं. नवा सर्व्हर नोंदवायचा, जुना काढायचा, कोण कसा आहे ते विचारायचं, सगळं ओळीने. वाईट काहीच नाही त्यात, उलट फार सोयीचं आहे. मीसुद्धा आज तसंच करते. पण सोय ती सोय, साहेबांनी तिचा संप्रदाय केला होता.

या मागच्या दाराने उत्तर येतं ते आकड्याने सुरू होतं. दोनशे म्हणजे झालं काम. चारशे चार म्हणजे असलं काही इथे नाही. चारशे एक म्हणजे तू कोण, तुझी ओळख काय. साहेब माणसांशीही आकड्यांतच बोलायचे. केबिनमध्ये कुणी न सांगता शिरलं की मान वर न करता, "चारशे एक." चहा चांगला झाला तर "दोनशे." घरून बाईसाहेबांचा फोन आला, 'येताना भाजी आणलीत का', की साहेब म्हणायचे "चारशे चार", आणि फोन ठेवायचे. ती माउली कशी नांदली असेल देव जाणे. एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं, जेवलात का, तर म्हणाले, "विनंती मिळाली, प्रक्रिया चालू आहे." हातात बुंदीचं ताट होतं.

आम्हा नव्या पोरांना मात्र ते एक गोष्ट रोज ऐकवायचे आणि ती खरोखर लाखमोलाची होती. "पाठवलं म्हणजे झालं नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं. दोनशे डोळ्यांनी बघायचं, मगच उठायचं." हे वाक्य त्यांनी छापून प्रत्येक टेबलावर चिकटवलं होतं. माझ्या टेबलावर अजून आहे.

केबिनबाहेरच्या भिंतीवर साहेबांनी एक मोठा टीव्ही लावून घेतला होता. त्यावर सिस्टिमचं नेहमीचं पान नव्हतं, ते त्यांना गावंढळ वाटायचं. त्यांनी स्वतःचं पान बनवलं होतं. ते एपीआयला दर मिनिटाला एकच प्रश्न विचारायचं, लक्ष द्यावं असं कोण आहे? कुणी असलं तर त्याचं नाव लाल. नसलं तर अख्खा पडदा हिरवागार. त्या हिरव्या पडद्यासमोर उभं राहून साहेब गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचे, "बठ्ठं हिरवं शे, भाऊ!" बठ्ठं म्हणजे सगळं, साहेब मूळचे चोपड्याकडचे. एरवी पुणेरी बोलण्याचा आव आणायचे, पण पडदा हिरवा असला की पोटातली भाषा ओठावर यायची. तेवढ्यापुरते मला ते आवडायचे.

आता नाना. नाना आमच्या धुळ्याच्या सर्व्हर रूमवर होते. तिथे एका खासगी दवाखान्याचा सर्व्हर होता, पेशंटचे सगळे रिपोर्ट त्यावर. नाना आधी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण खोलीत पाऊल टाकलं की हवा कशी आहे, एसी कसा बोलतोय, बॅटरी कुठे कण्हतेय, हे त्यांना कळायचं. दिवसातून दहा वेळा आत जायचे, सर्व्हरच्या पाठीला तळहात लावून बघायचे आणि डायरीत पेन्सिलीने लिहायचे. साहेब सहा वर्षांत त्या खोलीत एकदाही गेले नव्हते. धुळ्याला जायचे, पण लग्नांना.

पाठीला तळहात लावणारा हा माणूस साहेबांना सहन होईना. त्यांनी शेठना, म्हणजे आमच्या मालकांना, पटवलं की नानांची आता गरज नाही. खोलीत तापमानाचा सेन्सर आहे, सिस्टिम आहे, माणूस कशाला? शेठ जरा चुळबुळले, जुना माणूस म्हणाले. शेवटी ठरलं असं की एक महिना नानांची डायरी आणि आमची सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायची. नानांना दिसलेला आणि सिस्टिमला न दिसलेला एक जरी बिघाड निघाला तरी नाना राहतील. नाही निघाला तर घरी.

मी हे नानांना फोनवर सांगितलं. माझ्यावरच टाकलं होतं ते काम, साहेब असल्या गोष्टी स्वतः करत नसत.  नाना म्हणाले, "ताई, माले घर बसता येस नई. अजून दोन वरीस काम करानं व्हतं. या वयात नवीन ठिकाणी कोण ठेवी?" आणि मग हसून, "सून भाजी निवडाले बसाडी दी ना!" मीही हसले. 

पहिले तीन आठवडे साहेबांच्या बाजूने गेले. बॅटरी उतरली, सिस्टिमने आधी सांगितलं. डिस्क भरली, ते तर नानांना कळण्यातलंच नव्हतं. साहेब रोज डायरीचे फोटो मागवून घ्यायचे आणि ऑफिसात मोठ्याने वाचायचे. 'दहा वाजता. एसी घोरतो.' 'बारा वाजता. मशीनचे अंग कोमट, लहान मुलाच्या तापासारखे.' "कोमट म्हणजे किती अंश हो, नाना?" असं हवेतच विचारून साहेब टाळ्या घ्यायचे. टाळ्या आम्हीच द्यायचो. मीही दिल्या, हे लिहितानाही लाज वाटते.

आणि मग आलं भरीत. थंडीत असोद्याच्या एका मळ्यात आमच्या ऑफिसचं भरीत व्हायचं, दरवर्षी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, मिरची-लसूण कुटलेलं, कळण्याची भाकरी, पुऱ्या, केळीच्या पानावर कांद्याची पात. आमच्याकडे थंडीत भरिताला न बोलावलेला माणूस वर्षभर अबोला धरतो. साहेबांचा भरितावर एवढा जीव, की बसल्यावर फोन वाजलेला त्यांना खपत नसे. म्हणून ते दरवर्षी एक युक्ती करायचे. सिस्टिममध्ये देखभालीची सोय असते. सर्व्हरवर दुरुस्तीचं काम चालू असेल, तर तेवढा वेळ त्याच्याबद्दल ओरडू नको, लक्ष द्यायच्या यादीतही धरू नको, असं सिस्टिमला सांगून ठेवता येतं. साहेब निघण्याआधी एक ओळ पाठवायचे आणि जळगाव-धुळ्याचे झाडून सगळे सर्व्हर, सेन्सरसकट, देखभालीत टाकायचे. कारणाच्या रकान्यात लिहायचे, 'भरीत'. संपण्याची वेळही देता येते, पण ती ते देत नसत. "भरीत कधी संपेल हे आधी कोण सांगणार?" हे मात्र त्यांचं खरं होतं. निघताना मोबाइलवरून दुसरी ओळ पाठवायची, की देखभाल संपली.

त्या वर्षी भरीत अप्रतिम झालं होतं. साहेबांनी किती भाकरी खाल्ल्या ते मी मोजलं नाही. जेवून निंबाखाली आडवे झाले, उठले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मोबाइल काढला, दुसरी ओळ पाठवली आणि खिशात टाकला. मळ्यात रेंज येऊन जाऊन होती. मी शेजारीच होते. मी पाहिलं, की त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पण तोंडात अजून वांग्याची चव होती, आणि साहेबांना कोण शिकवणार? मीही गप्प बसले.

पुढचे आठ दिवस ऑफिसात रामराज्य होतं. एकही फोन वाजला नाही. पडदा असा हिरवा, की नजर ठरू नये. साहेबांनी पेढे वाटले, नानांच्या डायरीचे फोटो मागवणंही सोडून दिलं. शेठना रोज फोटो पाठवायचे, नऊ वाजताचा हिरवा, दुपारचा हिरवा, निघतानाचा हिरवा. "सिस्टिम आता वयात आली," असं म्हणाले. आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही. फोन वाजत नाही याची तक्रार जगात कोण करतो?

नानांनी केली. बुधवारी त्यांनी साहेबांना फोन केला, एसी पाणी टाकतोय, खोली तापतेय. साहेब म्हणाले, "हिरवं आहे नाना, भास होतोय तुम्हाला." शुक्रवारी परत केला. साहेबांनी उचलला नाही. मग मला केला. "ताई, आठे पाणी टपकी ऱ्हायनं. मशीन तापी ऱ्हायनं. सायबले सांग ना." मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. हिरवा. आणि मी, जी साहेबांना हसायची, नशिराबादहून बसला लटकत येणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी, मी म्हटलं, "नाना, इथे हिरवं दिसतंय हो. जरा धीर धरा." नाना म्हणाले, "बरं." बस, एवढंच.

सोमवारी महिना संपला. शेठ जळगावच्या ऑफिसात निकालाला आले. साहेबांनी नानांनाही धुळ्याहून बोलावून घेतलं होतं. त्यात त्यांचा डाव होता. नाना इथे खुर्चीवर बसलेले, तिकडे खोलीत चिटपाखरू नाही आणि पडदा हिरवा, हे शेठनी डोळ्यांनी बघावं. नाना धुतलेला पांढरा शर्ट घालून, टोपी मांडीवर, डायरी टोपीवर ठेवून बसले होते. साहेबांनी टीव्हीसमोर उभं राहून अर्धा तास भाषण दिलं. आठ दिवसांत एक तक्रार नाही, एक अलार्म नाही. "आणि आत्ता या क्षणी धुळ्याला एकही माणूस नाहीये, शेठ. बघा."

शेठनी बघितलं. मान डोलावली. नानांकडे बघायचं टाळलं. मी समजले, संपलं.

नाना मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बारा वाजून गेले होते. "साडेअकरापर्यंतच पुरनार व्हता," ते स्वतःशीच पुटपुटले.

"काय पुरणार होता?" शेठनी विचारलं.

"बर्फ," नाना म्हणाले.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. धुळ्याचा दवाखाना. एकही रिपोर्ट उघडत नाहीये, सर्व्हर बंद पडलाय, ओपीडीत माणसं ताटकळलीत. साहेब जागचे हलले नाहीत. लॅपटॉप ओढला, पडद्याचाच प्रश्न ओळीने विचारला, उत्तर बघितलं आणि म्हणाले, "हिरवं आहे. दवाखान्याचंच नेट गेलं असेल."

"सायेब, एसी बुधवारपासून मेला शे," नाना उठून उभे राहिले. "मी बर्फाच्या लाद्या टबात ठेवीसन, टेबलफॅन लाईसन चालाडी ऱ्हायनू. सकाळे भरीसन निंघनू. आते वितळी गया असतीन."

शेठ एकदा नानांकडे बघत होते, एकदा पडद्याकडे. पडदा हिरवागार. "कुणाचं खरं धरू मी?" म्हणाले.

"डेटाचं," साहेब म्हणाले.

मला काय झालं ते सांगता येत नाही. नानांची ती डायरी धरलेली बोटं दिसली आणि माझ्या कानात माझंच 'जरा धीर धरा' वाजलं. मी माझ्या टेबलाशी गेले. ती चिकटवलेली चिठ्ठी समोरच होती, उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि मळ्यातला तो मोबाइल डोळ्यांपुढे आला, खिशात जाणारा. मी एपीआयला एवढंच विचारलं, देखभालीत कोण कोण आहे? उत्तर आलं, लांबलचक. झाडून सगळे. सुरुवात, आठ दिवसांपूर्वीचा रविवार. शेवट, रिकामा. कारण, भरीत.

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, "सर, भरीत अजून चालू आहे."

 शेठ म्हणाले, "कसलं भरीत? मला नाही बोलावलं?"

मी देखभाल संपल्याची ओळ पाठवली. थांबले. दोनशे आलं. पुढच्या मिनिटाला पडदा लाल झाला. धुळे लाल, चोपड्याचं कॉलेज लाल, नशिराबादचं कोल्ड स्टोरेज लाल. खोलीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले, साहेबांचा खिशातला, माझा, सगळ्यांचे, आठ दिवसांचं साचलेलं. नाना तेवढ्यात कोपऱ्यात जाऊन बर्फाच्या कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या माणसाला फोनवर सांगत होते, किल्ली पानवाल्याकडे आहे, दोन लाद्या टाक, फॅनचं तोंड मशीनकडे कर, गार झालं की मशीनचं बटण दाब. तासाभरात दवाखाना सुरू झाला. डायरी शेठनी तिथेच उघडली. त्या आठ दिवसांच्या अकरा नोंदी होत्या आणि सिस्टिममध्ये शून्य.

साहेबांना लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही साहेबांना ओळखलंच नाही. ते म्हणाले, "सिस्टिम बरोबरच होती. तिला गप्प बस म्हटलं, ती गप्प बसली. एवढी आज्ञाधारक सिस्टिम अख्ख्या खान्देशात दाखवा."

नाना राहिले. नवा एसी आला. आणि शेठनी एक फर्मान काढलं, जे ऐकून मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. आता माणसंही सिस्टिमवर घ्या. जो तो आपापल्या जागेवरून दर तासाला ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल देईल. आला तर त्याचं नाव हिरवं, नाही आला तर लाल. नानांचं नाव लागलं, आणि शेठच्या हट्टापायी साहेबांचंही.

नाना दोन वर्षांत एकदाही लाल झाले नाहीत. शेवटच्या दिवशी धुळ्याहून त्यांनी मला फोन केला. "ताई, उद्यापासून मी आठे नई. मना दिवा काढी टाक. मी नई, मंग हिरवा काब्र ठेवाना?" मी एक ओळ पाठवली, दोनशे येईपर्यंत थांबले आणि मग बराच वेळ रडले. त्यांच्या जागी आता दोन माणसं आहेत, आणि दोघांपैकी एक तरी रोज लाल असतो.

साहेब त्याआधीच पुण्याला मोठ्या कंपनीत गेले. जाताना मला लॅपटॉपची पिशवी भेट देऊन गेले. त्यांचं नाव मात्र पडद्यावर राहिलं, आणि हिरवंच. मी खोदून पाहिलं तेव्हा कळलं. फर्मान निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी एक ओळ लिहून ठेवली होती, जी दर तासाला त्यांच्या वतीने सिस्टिमला सांगायची, की आले आहेत, आहेत, जागेवर आहेत. ती अजून इमानेइतबारे सांगते. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते, पंखा बटणाने लावते, आणि ती ओळ काही मी काढली नाही.

परवा शेठ ऑफिसात आले. पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "हा अजून आपल्याकडे आहे का गं?"

"नाही, शेठ. तीन वर्षं झाली जाऊन."

"मग हिरवा कसा?"

"होते तेव्हाही असेच होते, शेठ."